पगारेसाहेबांचं टिंग

तमाम नाशिककरांना, विशेषतः नाशिक रोडहून सातपूरला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या जनतेला, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, मागच्या दाराला पोचा आलेल्या एका जुन्या पांढऱ्या गाडीत 'टिंग' असा आवाज होता की नव्हता, या कित्येक वर्षं प्रलंबित असलेल्या प्रश्नाचा अखेर निकाल लागलेला आहे. निकाल लागला त्या क्षणी मी स्वतः त्या गाडीत, मागच्या सीटवर, खिडकीशी हजर होतो. शक्य असेल त्यांनी हे निवेदन उभं राहून वाचावं. गुडघे दुखत असतील त्यांना सूट आहे.

गाडी पगारेसाहेबांची. पगारेसाहेब आमच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक सुटा भाग शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा, आणि ते चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघायचे की तो पोलादाचा असूनही जरासा घाबरायचा. उंच, सडसडीत माणूस. पांढरा हाफ शर्ट, काळी पँट. केस इतके व्यवस्थित विंचरलेले की भांग पट्टीनं आखला असावा. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. त्यांना हसताना पाहिलं असं सांगणारे काही लोक कारखान्यात होते, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे.

त्यांचा आवडता शब्द 'शेरा'. तपासणीच्या कागदावर शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, आणि साहेबांच्या मते आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीला तो रकाना असतोच. लग्नाच्या पंगतीतून उठले की हात धुता धुता म्हणायचे, "शेरा : मठ्ठा उत्तम, भाषणं लांब." आमच्या मुलीचं नाव ठेवलं तेव्हा पाळण्यात वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "शेरा : निर्दोष." माझ्या बायकोनं ते इतकं मनावर घेतलं, की मुलगी दहावीत गणितात गडगडली तेव्हा ती म्हणाली, पगारेसाहेबांनी पास केलीय, तुम्ही कोण बोलणारे?

आम्ही चौघं नाशिक रोडच्या एकाच कॉलनीत राहायचो आणि साहेबांच्या गाडीतून सातपूरला जायचो. गाडी चालवायला साहेब. त्यांच्या शेजारी स्टोअर्सच्या सोनवणे मॅडम. मॅडमना रिकामं बसणं माहीतच नव्हतं. मांडीवर स्टीलचा डबा घेऊन त्या वाटेत मटार सोलायच्या, घेवडा मोडायच्या, लसूण निवडायच्या. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या की आम्ही कपाळाला हात लावायचो, आणि मॅडम म्हणायच्या, बरं झालं, मेथीपण होईल. मागच्या सीटवर मी आणि डिस्पॅचचे भामरे.

भामरे हे सटाण्याकडचं गोल, आनंदी, कायम धापा टाकणारं प्रकरण. साहेबांची गाडी सकाळी पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर येऊन थांबायची ती अशी वक्तशीर की गिरणीवाला शटर उघडण्याआधी गाडी आली का ते बघायचा. मॅडम आणि मी बसायचो. मग गल्लीच्या टोकाला भामरे उगवायचे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोजा, शर्टाची बटणं चुकीच्या काजांत, आणि खांद्यानं कानाशी धरलेल्या फोनवर बायकोला अहिराणीत थाप : "हाव, गाडीमा शे मी!" कारण रोज नवं. कधी पाणी गेलं, कधी पाणी आलं. ते आत कोंबले गेले आणि दार लागलं, की साहेब आरशात बघून म्हणायचे :

"उशीर झाला, भामरे."

रागावून नाही. स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तशा आवाजात. एक नोंद, बस. भामरे मोजा घालत म्हणायचे, "हो साहेब," आणि गाडी निघायची. या दोन वाक्यांशिवाय आमचा दिवस उजाडला असं मी कधी पाहिलं नाही.

एकदा साहेबांनी वाट पाहिली नाही. गेले निघून. मॅडमचा मटार सोलणारा हात थांबला, इतकी ती गंभीर घटना होती. द्वारकेला नेहमीसारखा चक्का जाम. आम्ही अडकलो असताना मागून एक दुधाची मोटरसायकल वाट काढत आली, दोन किटल्यांच्या मध्ये भामरे. उतरले, काचेवर टकटक केलं. साहेबांनी दार उघडलं. मला वाटलं, आज तरी काही वेगळं बोलतील.

"उशीर झाला, भामरे."

"साहेब, मी तुमच्या पुढे गेलो असतो," भामरे म्हणाले, "पण याला मध्येच एक लिटर द्यायचं होतं."

असा हा वक्तशीर, मितभाषी, नियमाचा माणूस. त्याला गाण्याचा नाद असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. गाडीत जे मूळचं संगीत होतं त्याचा आवाज बुटाच्या खोक्यात अडकलेल्या भुंग्यासारखा यायचा आणि साहेब त्यावर फक्त बातम्या ऐकायचे. मग एके सकाळी त्यांनी खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला, रुमालानं पुसला, लावला, आणि म्हणाले, "जरा लक्ष द्या. तिसरं कडवं संपलं की गाणं एकदम थांबतं. हार्मोनियम, ढोलकी, कोरस, सगळं बंद. त्या शांततेत एक टिंग आहे."

आम्ही लक्ष दिलं. भीमगीत होतं, जुन्या गायन पार्टीचं. भरदार आवाज, मागे दणदणीत कोरस. तिसरं कडवं संपलं. गाणं थांबलं. साहेबांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. शांतता आली, शांतता गेली. साहेबांनी लगेच बटण दाबून गाणं बंद केलं आणि विचारलं, "शेरा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मॅडमनी विचारलं की टिंग म्हणजे नक्की काय.

"ते मी आहे," साहेब म्हणाले.

मग हळूहळू, द्वारका ते सातपूर अशा अनेक हप्त्यांत, आम्हाला ती हकिकत कळली. साहेब ऐन विशीत शिकाऊ कामगार होते तेव्हा वस्तीत खरातमामा नावाच्या गृहस्थांची गायन पार्टी होती. साहेबांना पार्टीत जायची फार हौस, पण गळा असा की खुद्द त्यांच्याच शब्दांत, "तपासणीत बाद." ते हार्मोनियमची पेटी उचलायचे, सतरंजी झटकायचे, चहा सांगायचे. खरातमामांनी कुठल्याशा ऑर्केस्ट्रात ट्रायँगल नावाचं वाद्य पाहिलं होतं, तीन बाजूंनी वाकवलेली सळई, काडीनं मारली की टिंग वाजते. ते मामांच्या मनात भरलं. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमधल्या भंगारातली एक सळई तापवून, वाकवून, घासूनपुसून ट्रायँगल तयार केला आणि मामांपुढे ठेवला. मामा म्हणाले, ज्यानं बनवला त्यानंच वाजवायचा. पार्टीची कॅसेट निघणार होती. एका बंगल्याच्या मागच्या खोलीत स्टुडिओ. साहेबांच्या वाट्याला सबंध कॅसेटमध्ये एकच टिंग आलं. गाणं थांबेल, त्या शांततेत.

"एका दमात झालं," साहेब सांगायचे. "परत घ्यावं लागलं नाही. मामांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, राहू दे, चांगलं झालं."

जयंतीला ती कॅसेट वस्तीतल्या सगळ्या कर्ण्यांवर वाजली. साहेब कर्ण्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. टिंग ऐकू आलं नाही. कर्णाच तो, त्यातून काय येणार? घरच्या टेपरेकॉर्डरवर लावलं, नाही. लग्न झालं, तेव्हा नव्या नवरीला दुसऱ्याच दिवशी टेपरेकॉर्डरला कान लावून बसवलं. रंजनावहिनींनी मनापासून ऐकलं आणि खरं ते सांगितलं : "पंख्याचा आवाज येतोय." तेव्हापासून वहिनी या खटल्यात फितूर साक्षीदार म्हणूनच गणल्या गेल्या. मूळ ट्रायँगल मात्र त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला होता आणि साहेबांना जेवायला बोलवायचं असलं की लाटण्यानं त्यावर एक ठेवून द्यायच्या. "याचा आवाज बघा कसा खणखणीत येतो," त्या म्हणायच्या. "कॅसेटीतच काय होतं कुणास ठाऊक."

साहेब यावर चिडत नसत. त्यांचं म्हणणं एकच : "आवाज आहे. यंत्र कमी पडतंय."

आणि म्हणून गाडी. घरात पंखा, मिक्सर, टीव्ही, वरच्या मजल्यावरची पोरं. काचा लावलेली गाडी ही साहेबांना परवडणारी एकमेव शांत खोली होती. शिवाय ऐकायला पंच हवेत, आणि आम्ही तिघं सातपूर येईपर्यंत उतरून जाऊ शकत नव्हतो.

नियम साहेबांनी सुरुवातीलाच जाहीर केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची; दोन बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही. आणि खर्च फक्त दिवाळीच्या बोनसमधून, तोही वहिनींचं सगळं झाल्यावर जे उरेल त्यातून. वहिनी फार उरू देत नसत. त्यामुळे आमच्या गाडीचं संगीत वर्षाला एक पाऊल, अशा थाटात पुढे सरकू लागलं.

काम करायला भद्रकालीतले, गाड्यांना स्पीकर बसवणारे अस्लमभाई. दुकान म्हणजे एक बोळ. त्यात गाडीचं तोंड आत आणि बाकीची गाडी रस्त्यावर. पहिल्या वर्षी साहेबांनी त्यांना आपली गरज समजावून सांगितली, तेव्हा अस्लमभाई हातातला पाना खाली ठेवून स्टुलावर बसले. "साहब, पब्लिक येते, म्हणते बेस वाढव, सिग्नलवर बाजूवाल्याची काच हलली पाहिजे. एक टिंगसाठी आलेले तुम्ही पहिलेच." मग बराच विचार करून म्हणाले, "पण मजा येईल."

त्या वर्षी पुढच्या दारांतले स्पीकर बदलले. सोमवारी चाचणी. चाचणीची जागा ठरलेली : त्र्यंबक रोडचा गुळगुळीत पट्टा. चाचणीची पद्धत ठरलेली : काचा बंद, गाडीतला पंखा बंद, मॅडमच्या डब्याला झाकण, भामऱ्यांचा फोन बंद. तिसरं कडवं, शांतता, साहेबांचं बोट वर, लगेच बटण, गाणं बंद. "पुढचं कानात गेलं की आधीचं पुसलं जातं," हे त्यांचं शास्त्र होतं. "शेरा?"

घाम पुसत आम्ही सांगायचो, नाही. भामरे सांत्वनासाठी म्हणायचे, साहेब, पण गाणं काय सुंदर आहे हो, पुढचं ऐकवा ना. साहेब म्हणायचे, पुढे मी नाही.

पुढच्या दिवाळीला कुणाच्या तरी मोठ्या गाडीतून काढलेला, पण चांगला चालणारा प्लेअर अस्लमभाईंनी बसवून दिला. भुंगा मेला, हार्मोनियम जिवंत झाली, पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येऊ लागला. टिंग नाही. साहेबांनी निष्कर्ष काढला की दोष दारांत आहे. पत्रा थरथरतो आणि बारीक आवाज खाऊन टाकतो. अस्लमभाई म्हणाले, बरोबर, त्यासाठी डांबराची शीट मिळते, आतून चिकटवायची. पण त्या पुढच्या दिवाळीला बोनसमधलं काही उरलं नव्हतं, कारण वहिनींनी घराचं रंगकाम काढलं होतं. तेव्हा साहेबांनी आपल्या डोक्यानं एक स्वदेशी उपाय केला. वहिनी माहेरी गेल्या असताना त्यांनी घरातल्या दोन जुन्या गोधड्या कापल्या आणि चारही दारांच्या आत ठासून भरल्या.

खरं सांगतो, आवाज सुधारला. दार लावलं की तिजोरी लागल्यासारखं वाटायचं. साहेबांच्या चालण्यात थोडी ऐट आली. मग पावसाळा आला. गाडीच्या काचेवरून पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, ही गोष्ट आम्हा कुणाच्या लक्षात नव्हती, आणि गोधड्यांना तर ती मुळीच मान्य नव्हती. त्या पाणी पीत गेल्या. जुलैत गाडीत ओल्या बकऱ्या बसवल्यासारखा वास येऊ लागला. काचा अर्ध्यावर अडकल्या. मॅडमनी लसणाचा डबा उघडा ठेवायला सुरुवात केली, वास दबावा म्हणून. शेवटी अस्लमभाईंनी दाराचं आतलं आवरण काढलं, आणि एका टोकाला धरून ओढू लागले तर साडीचे काठ, धोतराचं पान, कुठल्याशा फ्रॉकची झालर, असं एक सबंध घराणं बाहेर येत राहिलं.

"साहब," ते म्हणाले, "दाराला थंडी वाजत होती का?"

वहिनींना कळलं तेव्हा त्या एवढंच बोलल्या : "नाशिकच्या गारठ्यात माणसं गोधडी अंगावर घेतात. आमच्याकडे गाडी घेते." हे वाक्य त्यांनी नंतर प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं, आणि साहेब दर वेळी मान खाली घालून "शेरा रास्त" म्हणत राहिले.

या प्रकारानंतर मॅडमना साहेबांची दया आली. पुढची दिवाळी झाली, डांबराची खरी शीट बसली, चाचणी झाली. बोट वर, बटण, शेरा? आणि मॅडम एकदम म्हणाल्या, "आलं की! बारीकसं आलं." त्यांनी मागे वळून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मान हलवली. मान हलवायला पैसे पडत नाहीत. भामरे गोंधळून खिडकीबाहेर बघू लागले. त्या दिवशी साहेबांनी गाडी नेहमीपेक्षा जरा हळू चालवली.

दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यावर पुन्हा चाचणी, फक्त या वेळी साहेबांनी गाणं थेट थांबण्याआधीच्या ओळीपासून लावलं. गाणं थांबलं, बोट वर, बटण. मॅडम उत्साहानं म्हणाल्या, "आज तर कालच्यापेक्षा स्पष्ट!"

"मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले, "हे कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं गाणं आहे. यात मी नाही."

गाडीत अशी शांतता पसरली की त्यात खरोखर टिंग वाजलं असतं तर सातपूरपर्यंत ऐकू गेलं असतं. मॅडमचे कान लाल झाले. पण साहेब चिडलेले नव्हते, समजावून सांगत होते. "खोटा शेरा देऊ नका. माझी समजूत काढायची असती तर रंजनानं केव्हाच काढली असती. मी आहे म्हणतो, ते आहे का, एवढंच बघायचंय. एका तरी माणसानं ऐकून सांगावं." आणि गिअर बदलत म्हणाले, "पार्टीतले सगळे गेले. मामा गेले, ढोलकीवाला गेला. कॅसेटच्या कव्हरवर माझं नाव नाही. आता मी तिथं होतो याला पुरावा म्हणजे तेवढंच."

त्या दिवसापासून आमच्यासाठी ती गंमत राहिली नाही. म्हणजे गंमत राहिलीच, पण तिच्यात जीव अडकला. भामरे रोज वाटेत पत्रिका मांडल्यासारखे बोलायचे, यंदा येणार बघा. मॅडमनी ऐकू नीट यावं म्हणून कानातल्या मोठ्या रिंगा चाचणीच्या दिवशी काढायला सुरुवात केली. आणि साहेबांच्या निवृत्तीला एकच दिवाळी उरली. त्यानंतर ते पुण्याला लेकीकडे जाणार, गाडीही जाणार, पंच विखुरणार. पुण्यात त्यांच्या गाडीत मुकाट्यानं कोण बसणार?

शेवटच्या दिवाळीला अस्लमभाईंनी अगदी छोटे, बटणाएवढे स्पीकर समोरच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत बसवले. बारीक, उंच आवाज यांच्यातूनच येतात, म्हणाले. तुमचं टिंग असेल तर इथूनच निघेल. मजुरी घ्यायला तयार होईनात. साहेबांनी ती वहिनींच्या चिवड्याच्या डब्यासकट त्यांच्या हातात कोंबली. सोमवारी चाचणी घेतली. गाणं असं ऐकू आलं की जणू पार्टी आमच्या मांडीवर बसली होती. एका गायकानं थांबण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा आला. मग ती शांतता. ती इतकी स्वच्छ, इतकी कोरी होती की शंकेला जागाच उरली नाही. तिच्यात काहीही नव्हतं.

साहेबांनी बटण दाबलं. आम्ही बोलायच्या आधी स्वतःच म्हणाले, "शेरा : नाही." त्यानंतर बरेच दिवस त्यांनी गाणं लावलं नाही. बातम्या ऐकत राहिले. कांद्याचे भाव इतक्या स्पष्ट आवाजात मी उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

आणि मग साहेबांचा कामाचा शेवटचा दिवस आला.

मी कोपऱ्यावर पोचलो तर गिरणीसमोर भामरे उभे. आंघोळ केलेले, बटणं बरोबर काजांत, दोन्ही मोजे दोन्ही पायांत, हातात गुलाबाचा हार. गाडी अजून यायची होती. मॅडम आल्या आणि त्यांनी भामऱ्यांना डोळे चोळून पाहिलं. गाडी आली. भामरे सगळ्यांच्या आधी आत बसले. दार लागलं. साहेबांनी सवयीनं आरशात पाहिलं, तोंड उघडलं, आणि बोलायला काहीच नाही म्हणून मिटलं. त्यांचं ते वाक्य त्या सकाळी गाडीत बेवारस पडून राहिलं. निघताना सगळ्यांनाच काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

त्र्यंबक रोडला लागल्यावर साहेबांनी पेन ड्राइव्ह काढला, रुमालानं पुसला. "तपासणीसाठी नाही," म्हणाले. "असंच." मॅडमनी तरीही डब्याला झाकण लावलं आणि रिंगा काढल्या.

पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. गाणं थांबलं. साहेबांचं बोट वर जाणार, इतक्यात टोमॅटोच्या क्रेटनी लादलेला एक टेम्पो डावीकडून काही न सांगता आमच्या पुढ्यात घुसला. साहेबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, ब्रेक दाबला, मॅडमचा डबा उडाला, झाकण निघालं, मटार गाडीभर झाले. बटण दाबायचं राहून गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, या गाडीत ते गाणं पुढे गेलं.

शांतता संपली होती. ढोलकीवाल्यानं दणक्यात सम गाठली होती. कोरस उठला होता. म्हणजे पाहुणे घरात येऊन, चपला काढून, पाणी पिऊन स्थिरस्थावर झाले होते, आणि तेव्हा, त्या सगळ्या गलक्याच्या खालून, काचेच्या डाव्या कोपऱ्यातून, स्वयंपाकघरातल्या त्या खिळ्यावरच्या पोलादाचा, अगदी स्वच्छ, अगदी ठाम आवाज आला.

टिंग.

टेम्पो निघून गेला. मागून हॉर्न वाजू लागले. साहेबांनी गाडी कडेला घेतली. गाणं मागे नेलं. पुन्हा लावलं. शांतता कोरी. ढोलकी. कोरस. टिंग. पुन्हा लावलं. टिंग. इतकी वर्षं आम्ही ज्या जागी कान लावून बसलो होतो, तिथं ते कधी नव्हतंच, आणि जिथं होतं तिथं पोचायच्या आत साहेब स्वतःच्या हातानं गाणं बंद करत होते. आणि खरातमामा 'राहू दे, चांगलं झालं' का म्हणाले असतील, तेही मला तेव्हा कळलं.

"आहे," साहेब म्हणाले. बस, एवढंच. गाडी पुन्हा चालू केली.

सातपूरपर्यंत मला धास्ती, कारण त्यांना आनंद झालाय की आयुष्यभराचा अभिमान उतरलाय, हे त्यांच्या मानेवरून कळत नव्हतं. मॅडम वाकून मटार वेचत होत्या, आणि वेचून झाले तरी वेचत होत्या. भामरे दोन्ही गाल आतून दाताखाली धरून बसले होते. गाडी कारखान्याच्या गेटशी आली. साहेबांनी इंजिन बंद केलं, मागे वळले, चष्म्यावरून आम्हा तिघांकडे पोलादी भागाकडे बघावं तसं पाहिलं, आणि विचारलं, "शेरा?"

मॅडमनी डब्यात बघितलं. मी हाराकडे बघितलं. आणि भामऱ्यांच्या तोंडून ते निसटलं.

त्यांच्या वाक्यानं काय झालं ते आधी सांगतो, वाक्य मागाहून येऊ द्या. या गोष्टीत तेच शोभेल. पगारेसाहेब हसले. आधी खांदे हलले, मग चष्मा घसरला, मग त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हॉर्न वाजला, तरी ते हसतच होते. गेटवरचा वॉचमन धावत आला, तो साहेबांना हसताना पाहून तिथंच थबकला. त्यांनी हसता हसताच वहिनींना फोन लावला, "अगं, आहे, आहे, पण ऐक तर," एवढंच म्हणाले आणि पुढचं त्यांना सांगता येईना. आता ते पुण्याला असतात. गाडी तीच आहे, त्यानंतर तिच्यात काही बदललं नाही, आणि वहिनी सांगतात की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गाणं पूर्ण ऐकवतात, मध्ये बंद करत नाहीत. पण माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्या गेटवरचेच : गळ्यात भामऱ्यांनी मागाहून घातलेला हार, शर्टाच्या खिशात एक मटार, डोळ्यांत पाणी, आणि मागच्या सीटवरून, थेट त्यांच्याच आवाजात, आरशात बघून बोललेलं ते वाक्य :

"उशीर झाला, पगारेसाहेब."